मदत हवी आहे : शाळेतल्या रांजणात पाणी कोणी भरायचे?

नमस्कार. कोरोनामुळे बंद असलेले ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले. बीड जिल्ह्यातील आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे. कायद्यानुसार या समितीत ७५ टक्के पालक असतात. परंतु आमच्यातले बरेच जण कोयता घेऊन ऊसतोडीला जाणार आणि मुले आजी-आजोबांकडे राहणार, तेव्हा मुलांना शाळेत पाठवण्याच्या संमतिपत्रावर सही कोणाची घ्यावी आणि ताप आल्यास कोणाला कळवावे? हात धुण्यासाठी तोटी लावलेला रांजण दुपारीच रिकामा होतो (साबण मात्र आठवडाभर झिजत नाही, यावरून काय ते समजावे). सगळे शिक्षकांवर ढकलणे मला पटत नाही. पाणी भरणे, ताप तपासणे आणि रोजची नोंद ही कामे आपल्या गावात पालक, आशाताई व ग्रामपंचायतीने कशी वाटून घेतली आहेत, ते कृपया कळवावे.