मदत हवी आहे: लेक दिवसा झोपते, रात्रभर जागते

ताईंनो, माझी लेक दीड महिन्याची आहे. बाळंतपणासाठी यवतमाळ जिल्ह्यात माहेरी आले आहे. दिवसा ती झोळीत अशी गाढ झोपते की शेजारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी हलत नाही. रात्री मात्र डोळे टक्क उघडे. दूध पिते, ढेकर निघतो, खांद्यावर मान टाकते, आणि बाजेवर ठेवलं रे ठेवलं की रडू सुरू.

आशाताई ४२ व्या दिवसाच्या भेटीला आल्या होत्या. वजन छान वाढतंय म्हणाल्या. एवढ्याशा बाळाला दिवस-रात्र कळत नाही, दोन-तीन महिन्यांत हळूहळू जमतं, तोवर रात्री दर दोन-तीन तासांनी पाजावंच लागतं, हे त्यांनी समजावलं. दिवसा उजेडात ठेवा, रात्री दिवा मंद आणि बोलणं कमी, असंही सांगितलं. ते करतेच आहे. पण घरात झोपायची खोली एकच. शेतातली लाईन रात्रीची असली की बाबा चण्याच्या ओलिताला निघतात, दिवा लागतो, दार वाजतं, आणि ती दचकून उठते.

आजी जायफळ उगाळून चाटव म्हणते. मला ते अजिबात करायचं नाही, सहा महिने फक्त अंगावरचं दूधच द्यायचं आहे. पण तिचं मन न दुखवता नाही कसं म्हणू? आणि झोळीची सवय मोडून बाळाला सपाट अंथरुणावर, पाठीवर झोपायला कोणी शिकवलंय का? एका खोलीत तुम्ही कसं जमवलंत, तेही सांगा.