एआयच्या भरवशावर रशियन शिकवतोय, पुढं कसं न्यावं?

वावरवाला (दिग्रस तालुका)
गावात अभ्यासिका चालवतो. आमचे तीन पोट्टे एमबीबीएससाठी रशियातल्या कझानला चालले. शिकवणं इंग्रजीतून, पण वॉर्डातली म्हातारी थोडीच इंग्रजी बोलणार? इथं रशियन शिकवणारं कोणी नाही, नागपूरला रोज जाणं होत नाही. फोनवर चॅटजीपीटी आहे. ३३ अक्षरं पाठ झाली, विभक्तीत गाडी फसली. काय करावं?

तिसरं_वर्ष
काका, मी यवतमाळची, तिकडेच शिकते. आधी इंग्रजीतून विचारणं बंद करा. 'मराठीशी जोडून समजाव' असं सांगा. 'उ मिन्या येस्त' म्हणजे सरळ आपलं 'माझ्याकडे आहे'. विभक्त्या सहाच, आपण शाळेत आठ घोकल्यात! आपण 'घर पाहिलं' पण 'भावाला पाहिलं' म्हणतो ना, तिकडेही 'वीझू दोम' पण 'वीझू ब्राता'. सजीव-निर्जीवाचा हा भेद इंग्रजीतून कळायला जड जातो.
मग त्यालाच पेशंट करा: 'तू पोट दुखणारी आजी, फक्त रशियन बोल, चुकलो की अडव.' पोरांनी विचारायचं, 'श्तो उ वास बालीत?' काय दुखतंय? वॉर्डात पहिलं हेच लागतं.

जुना_शब्दकोश
आजी छान, पण उच्चारासाठी तिच्यावर विसंबू नका. रशियनमध्ये आघात (शब्दात जोर) कुठे ते छापत नाहीत आणि सगळा खेळ त्यावर. लिहितात 'मोलोको', म्हणतात 'मलाको' (दूध). एकाच स्पेलिंगचा 'ज़ामक' म्हणजे किल्ला, 'ज़मोक' म्हणजे कुलूप. मला एआयनं कुलपाच्या वाक्यात किल्ल्याचा आघात दिला होता, तोही ठासून. शब्दकोशात बघा, रशियन माणसाचं रेकॉर्डिंग ऐकवा. देवनागरीत उच्चार लिहून घेण्याची सवय तर लावूच नका, पोरं अक्षरं विसरतात.

वावरवाला
ताई, आजी जमली! रेंज मात्र गच्चीवरच येते, म्हणून वर्ग आता तिथंच. काल एकानं 'मी वावरात चाललो' टाकलं, तर एआयनं उलट विचारलं, पायी का गाडीनं? पायी 'इदू', गाडीनं 'येदू'. पोट्टं म्हणे, बैलगाडीनं!

तिसरं_वर्ष
बैलगाडीलाही 'येदू'च 😄 पण हे आत्ता निघालात तर. रोज जात असाल तर 'येझ्झू'. ते पुढच्या आठवड्यात घ्या, आधी पोट दुखणं पक्कं होऊ द्या.