मदत हवी आहे : आईच्या माहेरच्या जमिनीतील हिश्श्यासाठी वकील कसा निवडावा आणि पहिल्या भेटीला जाताना काय तयारी करावी?

नमस्कार. मी सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहतो आणि हा प्रश्न आईच्या वतीने, तिच्या संमतीने विचारत आहे. आईचे माहेर मोहोळ तालुक्यात आहे. आजोबांच्या नावावर वडिलोपार्जित जमीन आणि गावात एक जुना वाडा होता. ते १९९८ मध्ये वारले. पुढच्या वर्षी वारसनोंदीचा फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर दोन्ही मामांचीच नावे लागली. आईचे आणि मावशीचे नाव आले नाही. आईचे लग्न १९८७ मध्ये झालेले. जमीन एकत्रच आहे, असे मामा नेहमी म्हणत आणि आईनेही कधी विचारले नाही, कारण भाऊबीजेला जाणाऱ्या बहिणीने सातबारा मागायचा नसतो, अशीच तिच्या पिढीची समजूत होती. यंदा गड्ड्याच्या यात्रेसाठी आमच्याकडे उतरलेल्या मामेभावाच्या बोलण्यातून समजले की, रस्त्याकडेचा गट विकायला काढला आहे. त्यावर आईने फोन केला, तेव्हा मोठे मामा म्हणाले, "तू तर तेव्हाच हक्क सोडलास." आजोबांच्या दिवसकार्यानंतर तलाठ्यांसमोर कसल्याशा कागदावर सही केल्याचे आईला आठवते, तो कागद कशाचा होता, हे तिला कोणी वाचून दाखवले नव्हते.

आता वकिलांचा सल्ला घ्यायचे ठरले आहे. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात काम करणारे वकील घ्यावेत की मोहोळचे? एका परिचितांनी असे वकील सुचवले आहेत, जे आधी काहीच फी घेणार नाहीत, मात्र निकालानंतर मिळालेल्या जमिनीत ठरावीक वाटा घेतील; असे करणे योग्य आहे का? आणि त्या सहीचा विषय पहिल्याच भेटीत काढावा की आधी वकिलांचा अंदाज घ्यावा? आई म्हणते, तो विषय आपण होऊन काढू नये.

प्रतिसाद १

मी दिवाणी बाजूला वकिली करतो, सोलापूर जिल्ह्यात नव्हे. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमचे सगळे प्रकरण त्या सहीभोवती फिरणार आहे. आईंना सांगा की, सहीची गोष्ट पहिल्या पाच मिनिटांतच सांगायची आहे. वकील म्हणून काम करताना अशिलाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम १३२ मनाई करते. उलट, ती सही प्रथम मामांच्या कैफियतीतून, म्हणजे दाव्याला त्यांनी दिलेल्या लेखी उत्तरातून समोर आली, तर तुमच्या वकिलांना दावा दुरुस्त करत बसावे लागेल.

भेटीपूर्वी त्या फेरफाराची नक्कल आणि त्यासोबतचे जबाब, वर्दी वगैरे कागद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून मागवा. स्थावर मालमत्तेतील हक्क सोडण्याचा लेख नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम १७ प्रमाणे नोंदणीकृत असावा लागतो, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात १९९८ नंतरच्या सूची क्रमांक दोनचा (नोंदलेल्या दस्तांच्या यादीचा) शोध घ्या. तेथे आईंच्या नावाचे हक्कसोडपत्र सापडले, तर प्रकरण एका वाटेने जाईल. नुसता तलाठ्यांसमोरचा जबाब असेल, तर दुसऱ्या. फेरफार हा महसुली नोंदीपुरता असतो, त्याने मालकी ठरत नाही.

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही. त्यामुळे आजोबा १९९८ मध्ये वारले, एवढ्यावरून आईंचा हक्क जात नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी अबाधित राहते. तोंडी वाटणी झाली होती, हा बचाव त्याच निकालाप्रमाणे अपवादानेच आणि सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल तरच मान्य होतो.

खरी झुंज मुदतीवर होईल, असे मला वाटते. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळल्या गेलेल्या व्यक्तीला, वगळल्याचे समजल्यापासून बारा वर्षांत दावा आणावा लागतो. मामा म्हणतील, १९९९ मध्येच समजले होते. तुम्ही म्हणाल, यंदा समजले. म्हणून आईंनी स्वतःच्या शब्दांत, तारखांच्या क्रमाने दोन पाने लिहून न्यावीत : कोण कधी वारले, माहेराहून धान्य किंवा पैसे कधीपर्यंत येत होते, जमीन एकत्र असल्याचे कोणी, कधी, कोणासमोर म्हटले. ज्या गोष्टी नक्की आठवत नाहीत, त्यांपुढे तसे स्पष्ट लिहावे. तुम्ही सोबत जा, पण बोलू द्या त्यांनाच. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्याच उभ्या राहणार आहेत. सोबत वंशावळ, सर्व गटांचे सातबारे, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) आणि वाड्याचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घराच्या कर आकारणीचा उतारा) न्यावा. वाटपाच्या दाव्यात सर्व मिळकती आणि सर्व हिस्सेदार यावे लागतात, त्यामुळे मावशींनाही पक्षकार करावेच लागेल.

प्रतिसाद २

वाटा घेण्याच्या बोलीबद्दल : निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या मालमत्तेत हिस्सा घेणे बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही. जो वकील पहिल्याच बोलण्यात असा प्रस्ताव ठेवतो, त्याच्याकडे जाऊ नये, असे माझे मत आहे. फी टप्प्याटप्प्याने ठरवून घ्या, म्हणजे दावा दाखल करणे, तात्पुरता मनाई अर्ज, पुरावा, युक्तिवाद अशी, आणि प्रत्येक वेळी पावती मागा. महाराष्ट्र शासनाच्या १९९४ च्या अधिसूचनेनुसार मालमत्तेच्या वादात स्त्री पक्षकाराला कोर्ट फी माफ आहे; खर्चाच्या यादीत ती रक्कम दिसली, तर विचारा. शिवाय विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आईला प्रतिसाद वाचून दाखवले; सहीबद्दल ती आता स्वतःच सांगणार आहे. मोहोळ की सोलापूर, हा प्रश्न मात्र राहिला. आणि मधल्या काळात गट विकला गेला तर?

प्रतिसाद १

जमीन जेथे, दावा तेथे, हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ चा नियम आहे, म्हणजे तारखा मोहोळलाच पडतील. सोलापूरचे वकील घेतल्यास प्रत्येक तारखेला ते स्वतः येणार की कनिष्ठांना पाठवणार, हे पहिल्या भेटीतच विचारा. मोहोळचे घेतल्यास मामांचे किंवा खरेदीदाराचे काम त्यांनी कधी केले आहे का, हे विचारा. तालुक्याच्या ठिकाणी अर्ध्या गावाचे दस्त एकाच वकिलाच्या टेबलावरून गेलेले असतात आणि हा प्रश्न विचारल्याचा चांगल्या वकिलाला राग येत नाही. मला निवडायचे असते, तर मी वाटपाचे दावे नियमित चालवणारा मोहोळचाच वकील निवडला असता, पण ही अडचण नसेल तरच.

विक्रीची भीती असल्याने तात्पुरत्या मनाई हुकुमाचा अर्ज दाव्यासोबतच द्यावा लागेल. दावा प्रलंबित असताना झालेली विक्री मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निकालाच्या अधीन राहते; त्यासाठी दाव्याची नोटीस नोंदवून ठेवायची का, हे वकिलांना विचारा. पहिल्या भेटीत मूळ कागद देऊ नका, छायाप्रती द्या. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी ते आईंना पूर्ण वाचून दाखवा. त्यात तडजोड करण्याचा अधिकार लिहिलेला असतो, तो आईंच्या लेखी संमतीशिवाय वापरू नये, असे तेथेच लिहून घ्या.