पित्ताची गोळी किडनी सांभाळत नाही

"सोबत रिकाम्या पोटी पॅन्टोप्राझोल (पित्ताची गोळी) घेतलं की पेनकिलर कितीही दिवस चालते" असं कुणी म्हणत असेल, तर ते अर्धंच खरं आहे. ती गोळी पोट सांभाळते, अल्सरचा धोका कमी करते हे बरोबर, पण किडनीचं काय? आईचे गुडघे बारा वर्षांपासून दुखतात. एटोरिकॉक्सिब ९० ही पेनकिलर डॉक्टरांनी दहाच दिवसांसाठी लिहून दिली होती, पण आराम पडला म्हणून ती तीच जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून गोळ्यांची स्ट्रिप आणत राहिली, चार महिने! आम्हाला पत्ताच नाही. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू होतीच. पायावर सूज आली तर म्हणे उन्हाळा आहे. तपासलं तर क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) १.९, आधीचं १.१.

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं की बीपीची ही गोळी, लघवीची गोळी आणि वर अशी पेनकिलर असं त्रिकूट एकत्र आलं की किडनीवर जास्त ताण येतो, त्यात उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की बघायलाच नको. (डायक्लोफेनॅक ही पेनकिलर दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन मेली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, हे ऐकून आई जरा हबकली.) आता पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी ठरवून दिलंय तेवढंच, गुडघ्याला वरून लावायचं डायक्लोफेनॅक जेल आणि फिजिओने शिकवलेले मांडीचे व्यायाम. क्रिएटिनिन १.३ वर आलंय. दुखणं गेलेलं नाही, जिना अजून एकेक पायरी करतच चढते. तुमच्याकडे बीपीच्या गोळ्या चालू असतील तर दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरला दाखवा, आमचं तिथेच चुकलं.