कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २ घेऊ की नको? उद्या संध्याकाळपर्यंत सांगा

बेसा_रोड (सोमवार, रात्री ११:४०)
मदत हवी आहे. पहिला भाग दोनदा संपवला, आता दुसरा घ्यायचाय. यूट्यूबवर अर्धे म्हणतात याच्यासारखा गेम नाही, अर्धे म्हणतात पैसे पाण्यात गेले. इथे नागपुरात बर्डीवर एका दुकानदाराने माझ्यासाठी बाजूला ठेवलाय, सेकंडहँड, बाराशे म्हणतो. उद्या संध्याकाळपर्यंतच थांबणार आहे. हो की नाही एवढंच सांगा. निबंध नकोत.

धंतोलीकर (११:५२)
डोळे मिटून घ्या. १० नोव्हेंबर २००९ ला आला तेव्हा मी कॉलेजात होतो, पेपर तोंडावर असताना तीन रात्रींत संपवला होता. बर्फाच्या कड्यावर चढायचं मिशन, तो गुलाग तुरुंग, शेवटी जळणारं व्हाइट हाऊस. हान्स झिमरचं संगीत. आणि जनरल शेफर्डने केलेला दगा, तो आजही डोक्यात जातो. दोघांनी मिळून खेळायची स्पेक ऑप्सची २३ मिशनं वेगळीच. कॅम्पेन, म्हणजे स्टोरी, लहान आहे, पाच-सहा तासांचं, पण त्यात एक मिनिट भरती नाही. विमानतळावरचं मिशन नको असेल तर गेम स्वतःच विचारतो, वगळता येतं.

सीआरटी_मॉनिटर (मंगळवार, रात्री १२:०५)
धंतोलीकर भाऊ, अर्धंच सांगितलं. पीसीवाल्यांचं काय केलं ते सांगा ना. डेडिकेटेड सर्व्हर (खेळाडूंनी स्वतः चालवायचे) काढून टाकले, कमांड टाइप करायचा कन्सोल काढला, झुकून बघणं काढलं, पहिल्या भागात मोठमोठे सर्व्हर चालायचे ते इथे नऊ विरुद्ध नऊवर आणून ठेवलं. आमच्या धरमपेठेतल्या कॅफेत आठ मशीन होत्या, रात्रभर पहिला भाग चालायचा. दुसरा आला आणि आठही जणांनी तो दिवाळीनंतर विकत घेऊन होळीपर्यंत सोडला. वर ते ग्रेनेड लाँचरवाले, वन मॅन आर्मी लावून (म्हणजे ग्रेनेड पुन्हा भरून) दर दोन सेकंदाला ढूम. दोन्ही हातांत १८८७ शॉटगन घेऊन फिरणारे वेगळेच.

धंतोलीकर (१२:११)
त्या शॉटगन नंतर कमजोर केल्या होत्या. सलग पंचवीस मारून न्यूक (अणुबाँब) पाडायची मजा तुम्हाला कधी मिळाली नसेल म्हणून राग आहे.

सीआरटी_मॉनिटर (१२:१४)
दोनदा पाडला. आणि धाग्यावर येणाऱ्याला हेही सांगा की जुलै २०२३ मध्ये याच गेमच्या पीसी लॉबीतून व्हायरस पसरत होता, कंपनीला मल्टिप्लेयर बंद ठेवावं लागलं होतं. आज कोणी पीसीवर घेत असेल तर फक्त कॅम्पेनसाठी घ्या. त्याहून बरं, २०२० चं रिमास्टर घ्या. त्यात मल्टिप्लेयरही नाही, स्पेक ऑप्सही नाही, म्हणजे भांडणच नाही.

बेसा_रोड (सकाळी ८:२०)
अरे काय चाललंय. मी हो की नाही विचारलं होतं. रात्रभर शॉटगनवर भांडून राहिले.

मिहान_नाईटशिफ्ट (८:३१)
शिफ्ट संपवून आत्ता वाचतोय. भाऊ, कोणता दोन? एक २००९ चा आहे, एक २०२२ चा. नाव सारखंच. आणि "ठेवलाय" म्हणजे काय ठेवलाय, डिस्क? कोणत्या मशीनची?

बेसा_रोड (८:४०)
दोन म्हणजे दोन. कव्हरवर दोन दांड्या आहेत आणि कवटीचा मुखवटा घातलेला माणूस आहे. डिस्क आहे. मशीन पीएस५. हे सगळं सांगायला पाहिजे होतं का?

तर्रीपोहे_४४ (८:४३)
धंतोलीकर भाऊचा आणि सीआरटी भाऊचा सगळा निबंध वाया गेला ना बे. रातभर भलत्याच जुन्या गेमवर भांडले. चला, मी पोहे खायला जाऊन राहिलो.

मिहान_नाईटशिफ्ट (८:५८)
मग तो २८ ऑक्टोबर २०२२ चा. आणि तुझा पहिला म्हणजे २०१९ चा असणार, लंडनच्या त्या घरात रात्री दुर्बीण लावून जिन्याने वर जायचं मिशन आठवत असेल. आता नीट सांगतो.

दिसायला पहिल्यापेक्षा वरचढ. ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावर नुसतं चालायचंय, ओली फरसबंदी, कालव्यात दिवे, मी दहा मिनिटं गोळी न झाडता फिरत होतो. वादळात जहाजावर कंटेनर घरंगळत येतात आणि त्यांच्याआड लपत पुढे जायचंय, ते एकदा खेळल्यावर विसरत नाही. कॅप्टन प्राइसबरोबर गवतात पडून स्नायपर घेऊन जायचं मिशन, तिथे कोणाला आधी मारायचं, कुठून शिरायचं, हे तुझ्यावर सोडलंय.

पण सगळ्यात चांगलं "अलोन". सोप म्हणजे आपला जवान, त्याला गोळी लागलीय, हातात काही नाही, रात्र, पाऊस, गावभर शत्रू. घराघरांत शिरून कपाटं उघडायची, उंदराच्या सापळ्यापासून सुरुंग करायचा, पत्रा-टेप जमवून दार उचकटायची पट्टी करायची. आणि कानात घोस्टचा (तोच कव्हरवरचा मुखवटावाला) आवाज, फालतू विनोद सांगत. मी कूलर बंद करून खेळलो, पावलं नीट ऐकू यावीत म्हणून. मे महिन्यात.

आता खोट. कॅम्पेनमध्ये पुढे पुढे चिलखतवाले शत्रू येतात, पूर्ण मॅगझिन रिकामी केली तरी उठून उभे. ते वास्तवही नाही आणि मजाही नाही. ताफ्याच्या मिशनमध्ये या गाडीवरून त्या गाडीवर उड्या, पहिल्या पाच गाड्यांना भारी वाटतं, मग नुसती कवायत. शेवट पुढच्या भागाची जाहिरात असल्यासारखा.

मल्टिप्लेयरमध्ये बंदूक हाताळायला अप्रतिम. वजन जाणवतं. पण एका बंदुकीचा भाग पाहिजे तर भलतीच बंदूक घासत बसायची. मेनू असा की गेम शोधतोय की सिनेमा निवडतोय कळत नाही. शत्रूने बिना सायलेन्सर गोळी झाडली तरी नकाशावर लाल ठिपका येत नाही, त्यामुळे कोपऱ्यात दबा धरून बसणाऱ्यांची चंगळ. तो ठिपका २०२३ च्या तिसऱ्या भागात परत आणावा लागला, यातच काय ते आलं.

बाराशेला वाईट नाही. पण तू एकटा खेळणार की कोणाबरोबर? नेट कोणतं?

कूलरसमोर (९:१५)
कोणीच महत्त्वाचं सांगून नाही राहिलं. पीएस५ कूलरच्या झोतात ठेवू नका. डेझर्ट कूलरची हवा ओली असते, गवतातलं पाणी बारीक तुषार होऊन आत जातं. माझ्या भावाचं मशीन असंच टीव्हीखाली, कूलरच्या बरोबर समोर. मागच्या नवतप्यात (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस) बंद पडलं, उघडलं तर पंख्यावर धूळ चिखलासारखी बसलेली. भिंतीपासून एक वीत लांब ठेवा, स्टॅबिलायझर लावा, दुपारी बारा ते चार खेळूच नका.

बेसा_रोड (९:१८)
मी कूलरबद्दल विचारलं का?

कूलरसमोर (९:१९)
नाही विचारलं म्हणूनच सांगितलं.

कामठी_गार्ड (१०:०२)
मी निवृत्त फौजी. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर इथे कामठीला, म्हणून निवृत्तीनंतर इथेच राहिलो. नातू हा गेम खेळतो, मी मागे बसून पाहतो. मुलांनो, गोळी लागल्यावर भिंतीमागे पाच सेकंद बसून माणूस बरा होत नाही. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या उरलेल्या असताना मॅगझिन फेकून देतात आणि गोळ्या मोजणीत परत येतात, असा क्वार्टरमास्टर आम्हाला कधी भेटला नाही. पण त्या "अलोन"चं मिहानवाल्यांनी लिहिलं ते बरोबर. जखमी जवान शुद्ध हरपू नये म्हणून सीनियर रेडिओवर काहीबाही बोलत राहतो. नातू हसत होता, मी नाही हसलो.

सीआरटी_मॉनिटर (१०:२०)
काका, मग सीमेवरच्या त्या मिशनबद्दल बोला. मेक्सिकोतून कुंपण ओलांडून अमेरिकेतल्या वस्तीत शिरायचं आणि समोर घरातली साधी माणसं आली की त्यांच्यावर बंदूक रोखून "शांत" करायचं. बटण दाबून. आल्याआल्या त्यावर खूप टीका झाली आणि योग्यच झाली.

तर्रीपोहे_४४ (१०:२४)
गेम आहे बे, निवडणूक नाही.

कामठी_गार्ड (१०:३१)
सामान्य माणसावर बंदूक रोखली की तो शांत होत नाही, घाबरतो. घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही. ज्यांनी हे मिशन लिहिलं ते कधी रात्री कोणाच्या दारासमोर उभे राहिले नसावेत.

बेसा_रोड (१०:४५)
ओके, सगळ्यांचे आभार. एक सांगायचं राहिलं. भाचा अमरावतीहून येतोय सुट्टीत, त्याच्याबरोबर खेळायचंय. बारा वर्षांचा आहे. दोघं मिळून स्टोरी खेळता येईल ना?

धंतोलीकर (१०:४९)
बारा?! आणि हे आत्ता सांगताय?

मिहान_नाईटशिफ्ट (१०:५६)
हेच तर विचारत होतो. कॅम्पेन एकट्यानेच खेळायचं असतं, दोघांसाठी नाही. मल्टिप्लेयरमध्ये एका टीव्हीवर अर्धा-अर्धा पडदा करून दोघं खेळू शकता, पण कंट्रोलर दोन लागतील आणि भाच्याचं अकाउंट वेगळं लागेल. शिवाय हा अठरा वर्षांवरचा गेम आहे. मिशनमध्ये चौकशीच्या नावाखाली जे चालतं ते बाराव्या वर्षी दाखवण्यासारखं नाही.

तर्रीपोहे_४४ (११:०२)
आम्ही बाराव्या वर्षी काय काय खेळलो ते विचारू नका.

धंतोलीकर (११:०५)
म्हणूनच तुम्ही असे झालात.

वऱ्हाडी_वाघ (११:३०)
काहून एवढे पैसे घालून राहिले? मोबाइलवर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) टाका, फुकट. मामा-भाचे दोघं आपापल्या फोनवर एका टीममधी. मी रोज खेळतो.

सीआरटी_मॉनिटर (११:३४)
मोबाइलवर बोटाने बंदूक चालवणं म्हणजे हातमोजे घालून सावजी खाणं.

वऱ्हाडी_वाघ (११:३६)
तुमचा आठ मशीनचा कॅफे आता आहे का चालू?

सीआरटी_मॉनिटर (११:३९)
तिथे आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे. जाऊ द्या.

धंतोलीकर (दुपारी १२:१०)
विषय निघालाच आहे तर, आपल्याकडच्या लढायांवर कोणी गेम का करत नाही? नोव्हेंबर १८१७, सीताबर्डीच्या दोन टेकड्या, एकीकडे भोसल्यांची फौज, त्यात अरब तुकड्या, दुसरीकडे कंपनीचे शिपाई. छोटी टेकडी अरबांनी घेतली, तिथून मोठीवर तोफा डागल्या. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी लढाई. मिशन आयतं आहे. किल्ला अजून लष्कराच्या ताब्यात आहे, १ मे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी असा मोजक्या दिवशी आत जाऊ देतात. जाऊन बघा, खाली बर्डीच्या बाजारातला हॉर्न वर ऐकू येतो.

तर्रीपोहे_४४ (१२:१५)
त्याच बाजारात भाऊची डिस्क अडकून आहे. संध्याकाळ होऊन राहिली.

बेसा_रोड (१२:३०)
धन्यवाद तर्री. मी ठरवलं: स्टोरी भाचा झोपल्यावर मी एकटा खेळेन. दिवसा अर्ध्या पडद्यावर मल्टिप्लेयर, बंदुका त्या बंदुका. दुसरा कंट्रोलर शेजाऱ्याकडून. घेतो.

मिहान_नाईटशिफ्ट (१२:३४)
थांब. सकाळीच विचारलं होतं, नेट कोणतं?

बेसा_रोड (१२:४१)
मोबाइल हॉटस्पॉट. रोजचे दोन जीबी. फायबरवाल्याने वैशाखापासून "उद्या येतो" लावलंय. डिस्क आहे ना, नेट कशाला?

मिहान_नाईटशिफ्ट (१२:४४)
याच गेमची पीएस५ ची डिस्क बदनाम आहे. तिच्यात सत्तरएक एमबीच आहे. गेम नाहीच, नुसती किल्ली. बाकी सगळं डाउनलोड करायचं, शंभर जीबीच्या आसपास धर.

तर्रीपोहे_४४ (१२:४६)
रोज दोन म्हंजे पन्नास दिवस. भाचा शाळेत पोहोचून पहिली घटक चाचणी देईल तवा सुरू होईल.

सीआरटी_मॉनिटर (१२:५०)
डिस्कमध्ये गेम नाही. आमच्या वेळी...

धंतोलीकर (१२:५१)
आमच्या वेळी चार सीडी असायच्या, माहीत आहे, नका सांगू.

बेसा_रोड (१२:५५)
बाराशे रुपयांची किल्ली?? दुकानदाराला फोन केला. म्हणतो, "गेम डिस्कमध्येच असतो, साहेब, मी काय वीस वर्षं दुकान चालवून राहिलो उगाच."

कामठी_गार्ड (१:१०)
बेटा, माझ्याकडे फायबर आहे. नातवाचं मशीन त्यावरच चालतं. तुझं मशीन घेऊन ये, रात्रभर लावून ठेवू, सकाळी घेऊन जा. भाच्यालाही आण, नातू त्याच्याच वयाचा आहे. फक्त माझ्या घरात तो जहाजाचं मिशन खेळतो, बाकीची मी खेळू देत नाही.

कूलरसमोर (१:१२)
दुपारी नेऊ नका. गाडीच्या डिकीत ठेवलं तर वितळेल.

बेसा_रोड (१:२०)
काका, संध्याकाळी सहाला निघतो, बर्डीवरून डिस्क घेऊन तसाच येतो. व्यक्तिगत निरोपात पत्ता टाका. दुकानदार एक हजारावर आलाय.

मिहान_नाईटशिफ्ट (१:२२)
आठशे म्हण. आणि पीएस५ डिस्कवालंच आहे ना? बिनडिस्कचंही मॉडेल येतं.

बेसा_रोड (१:३१)
थांबा, बघतो.