आईचा एमआरआय नॉर्मल आला, तरी परत करायला सांगितलाय

प्रश्न (दादर):
काल सकाळी आई, वय ६३, गार पाण्याने आंघोळ करून बाहेर आली आणि विचारायला लागली, आज वार कोणता, बाबा कुठे गेलेत. म्हटलं भाजी आणायला गेलेत, तर दोन मिनिटांनी परत तेच, असं दुपारपर्यंत चाललेलं. आम्हाला सगळ्यांना ओळखत होती, चहासुद्धा आलं किसून नेहमीसारखा केला, फक्त नवीन काही डोक्यात राहतच नव्हतं. तीनच्या सुमारास ठीक झाली पण ती सकाळ तिला अजिबात आठवत नाही. लगेच नेलं होतं, सीटी आणि एमआरआय दोन्ही नॉर्मल. आता न्यूरोलॉजिस्ट म्हणतात उद्या एमआरआय पुन्हा करा. कशाला? खूप टेन्शन आलंय.

प्रतिसाद १:
ताई, मी एमआरआय टेक्निशियन आहे. निदान डॉक्टरच करतील, पण ट्रान्झियंट ग्लोबल अ‍ॅम्नेशियाचा म्हणजे काही तासांपुरतं नवीन काही लक्षात न राहण्याच्या त्रासाचा संशय असला की असं सांगतात. हिप्पोकॅम्पस म्हणजे नवीन आठवणी जिथे तयार होतात तो भाग, तिथे डिफ्युजनवर (एमआरआयमधल्या एका प्रकारच्या फोटोंवर) अगदी बारीक, १ ते ५ मिमीचा पांढरा ठिपका दिसतो, पण पहिल्या काही तासांत तो बहुतेकदा उमटलेलाच नसतो, २४ ते ७२ तासांत सगळ्यात चांगला दिसतो आणि पुढे काही दिवसांत जातो. म्हणून उद्याच करा, आठवड्याने नको. स्लाइस, म्हणजे फोटोतले मेंदूचे काप, पातळ घ्यायला सांगा, जाड घेतल्या तर ठिपका मधल्यामधे निसटतो. एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं, परत केला म्हणून अपाय नाही. मंगळसूत्र, बांगड्या घरीच काढून ठेवा.

प्रतिसाद २ (ठाणे):
माझ्या काकांना झालेलं, रिपोर्टमध्ये ठिपका वाचून आम्हाला वाटलं स्ट्रोकच, रात्रभर कोणी झोपलं नाही. डॉक्टरांनी समजावलं की यात तो ठिपका मागे काही न ठेवता जातो. आणि ठिपका नाही दिसला तरी हा आजार नाही असं होत नाही. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, पण करून घ्या, कारण फिटमुळेही असं विसरायला होतं, ते सहसा तासाभराच्या आत संपतं आणि परत परत होतं. काकांना चार वर्षांत पुन्हा झालं नाही. मात्र परत कधी असं झालं, किंवा तोंड वाकडं, हातपाय लुळा, बोलताना अडखळणं दिसलं, तर घरी वाट बघू नका, थेट इमर्जन्सी.

प्रश्नकर्ती:
दोघांचेही खूप आभार. आज केला, उजवीकडे एकच ठिपका आहे, साधारण २ मिमी. गुरुवारी ईईजी आहे. आईला तो फोटो दाखवला तर म्हणाली, एवढ्याशा ठिपक्याने माझी अख्खी सकाळ नेली?