एका डोळ्याची नजर गेली, सुईत दोरा ओवता येत नाही. काय घ्यावं? (बजेट ३०००)

शिंपीकन्या: बाबा ६१ वर्षांचे, इचलकरंजीत शिलाईचं दुकान. पावसाळ्यात उजव्या डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा बंद पडला आणि नजर गेली. परत येणार नाही असं दोन डॉक्टरांनी सांगितलंय, तेव्हा कृपया तिसरा सुचवू नका. डावा डोळा चष्म्याने ६/६, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. पण दोरा नेढ्याच्या पुढून नाहीतर मागून जातो. कात्री कापडाला टेकली असं त्यांना वाटतं तेव्हा ती वरच असते. चहा बशीत ओतला तर निम्मा ओट्यावर. मग शिव्या मशीनला. ३००० पर्यंत एखादं साधन, दिवा, भिंग, काहीही सुचवा. मशीन बदलायचं नाहीये, आजोबांच्या वेळचं आहे.

वरणभात: मशीन बदला. मी उषा जेनोमचं घेतलं, बाजूची दांडी खाली ओढली की दोरा आपोआप ओवला जातो. पंधरा हजारांच्या वर गेलं, पण एकदाच जातात पैसे. आमच्या भिशीत आता तिघींनी घेतलंय, माझं बघून.

क्लीनबोल्ड: बाबांना पतौडींची गोष्ट सांगा. १९६१ मध्ये होव्हला मोटार अपघातात डोळा गेला, पुढच्याच वर्षी २१ व्या वर्षी कप्तान, आणि १९६४ ला दिल्लीत इंग्लंडविरुद्ध नाबाद २०३. दोन-दोन चेंडू दिसायचे म्हणून टोपी अधू डोळ्यावर ओढून खेळायचे. जिद्द हवी.

गुगली: डावा डोळा ना? आमच्या काकांनी ब्रेबॉर्नवर पाहिलंय त्यांना.

क्लीनबोल्ड: उजवा. काकांनी पॅव्हेलियनच्या कुठल्या बाजूने पाहिलं?

गुगली: असेल. काका असे खोटं बोलणारे नाहीत.

निसर्गोपचार_प्रेमी: रोज पहाटे तुपाच्या दिव्याकडे त्राटक, रात्री त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुणे. माझा चष्म्याचा नंबर पाव कमी झाला.

चष्मेवाला: पाव नंबर आज-उद्यातही बदलतो. इथे पडदाच गेलाय, त्रिफळा कुठे घालणार?

ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ६/६ म्हणजे अक्षर स्पष्ट दिसतं, एवढंच. वस्तू किती लांब आहे हे त्यात येत नाही. दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं, दोघांना जरा वेगवेगळं चित्र दिसतं, आणि त्या फरकावरून मेंदू खोली काढतो. वस्तू जितकी जवळ तितका हा फरक मोठा. म्हणून समोरच्या चौकातली बस किती लांब आहे हे बाबांना बरोबर कळेल आणि हातभर अंतरावरची सुई चुकेल. त्यांचा हात नीट बघा: वस्तूपाशी गेला की रेंगाळतो, बोटं गरजेपेक्षा जास्त फाकतात. तुम्हीही एक डोळा झाकून, हात लांब धरून पेनाला टोपण लावून बघा.

उपाय म्हणजे अंतर हाताने मोजायचं. किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवायचं आणि मगच ओतायचं. हातशिलाईला दोरा चिमटीत असा धरायचा की टोक जेमतेम दिसेल, आणि नेढं त्याच्यावर आणून दाबायचं. दोन्ही हात एकमेकांना टेकलेले असतात, अंदाज करावाच लागत नाही. कात्रीचं खालचं पातं टेबलावरून सरकवायचं. मशीनच्या सुईमागे पांढरा कागद आणि दहा-वीस रुपयांचं ते तारेचं ओवायचं साधन पुरे. भिंगाच्या दिव्यावर पैसे घालू नका, नेढं मोठं दिसेल पण किती लांब ते तसंच राहील. पैसे घालायचेच तर पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे सहजी न फुटणाऱ्या काचांचा चष्मा करा. मशीनची सुई तुटून कशी उडते हे शिंप्याच्या मुलीला मी काय सांगणार! एकच डोळा उरलाय.

आर्यनची_आई: किटली टेकवून ओता हे मीही सांगणार होते. माझ्या आर्यनचा डोळा आळशी निघाला. थोडा तिरळा होता, सासूबाई म्हणायच्या भाग्याचा आहे, राहू दे. शाळेत कॅच सुटायचे तर सर म्हणायचे लक्ष नाही. आता चांगल्या डोळ्याला रोज ६ तास पट्टी. बाबांनाही पट्टी लावून बघा ना, दुसरा डोळा कामाला लागेल.

चष्मेवाला: अजिबात नको! आर्यनचा डोळा शाबूत आहे, मेंदूने त्याचं ऐकणं सोडलंय, म्हणून पट्टी. बाबांचा चांगला डोळा झाकलात तर दिवसा अंधार. आणि ६ तासांचं तुमच्या डॉक्टरांना परत विचारा. मध्यम आळशी डोळ्याला २ तासांनी तेवढाच गुण येतो असं अमेरिकेतल्या २००३ च्या चाचणीत दिसलंय. स्वतःच्या मनाने मात्र कमी करू नका.

आर्यनची_आई: सहा तास रडतो तो आणि हे आत्ता कळतंय.

एकाक्ष: लहानपणी विटी लागून माझा डोळा गेला. बाबांना सांगा, उजवीकडून येणारं माणूस दिसणार नाही, रस्ता ओलांडताना डोळा नाही, पूर्ण मान वळवायची. लग्नात लोक हस्तांदोलनाला हात पुढे करतात आणि मी हवेतच हलवतो, म्हणून आता नमस्कार करतो. बाकी काही महिन्यांत हात बसतो. पतौडी-बितौडी सांगू नका हो, वैताग येतो.

क्लीनबोल्ड: प्रेरणा म्हणून सांगितलं, साहेब.

वरणभात: जेनोमचं एक्स्चेंजही असतं. जुनं देऊन टाका.

शिंपीकन्या: सगळ्यांचे आभार. चिमटीची युक्ती बाबांना दाखवली, म्हणाले हे मला शिकवतेस? पण दुपारी गुपचूप करत होते. काल कोल्हापूरला गेलो तर दुकानात भिंगाचा दिवा दिसला, गोल ट्यूब आणि वाकणारी मान. बाबा त्याच्यापुढून हलेनात. २८०० ला घेतला. @चष्मेवाला, रागावू नका, काचांचं पुढच्या महिन्यात बघते.

चष्मेवाला: दिवा ठेवा हो, उजेडाला बरा. काचा याच महिन्यात.

आर्यनची_आई: २८०० जास्त नाही झाले? दुकान कुठलं? सासूबाईंना पोथीसाठी हवाय.